पठ्ठ्याचा गुडघा आणि गावची मॅट

«फिजिओथेरपिस्ट ताई, नमस्कार. राकसकोपच्या वाटेवर आमचं गाव. बावीस वर्षं झाली तालीम चालवतोय, रोज तीसभर पोरं येतात. त्यातला एक, वय 19, वजन 74 किलो, डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या हाताखाली इतका चांगला पठ्ठ्या दुसरा तयार झाला नाही. चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेत त्याची कुस्ती होती. पट काढताना पाय मातीत रुतला, वरनं समोरच्याचं वजन आलं आणि गुडघ्यात कट्टदिशी आवाज झाला. मला कडेला बसून ऐकू आला. खरं पोरगं उठलं, कुस्ती बरोबरीत सोडवली. रात्रीपर्यंत गुडघा नारळाएवढा. मी आठ दिवस तेल लावून चोळला, हळद-चुन्याचा लेप दिला. सूज उतरली. तीन आठवड्यांनी तो परत मेहनतीला आला, खरं वळताना गुडघा सटकतोय म्हणू लागला. दोन महिन्यांनी एमआरआय केला. एसीएल पूर्ण तुटलाय, गुडघ्यात दोन हाडांमधल्या गादीलाही चीर गेलीय म्हणतात. ऑपरेशन सांगितलंय, खाजगीत लाखाच्या वर. बाप उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे.

गावानं यात्रेच्या शिलकीतून आणि देणगीतून मॅटसाठी तीन लाख जमवलेत. काही पंच म्हणतात त्यातले पोराला देऊया. काही म्हणतात एका पोरासाठी तीस पोरांची मॅट का थांबवायची. पोरगं तर आता तालमीकडे फिरकतच नाही. ऑपरेशन केलंच पाहिजे काय? केलं तर पुढच्या चैत्रात मैदानाला उभा राहील काय? पैसे कशाला घालू, मॅटला की गुडघ्याला? आणि एक, चूक माझी काय?»
एक वस्ताद, बेळगाव तालुका

वस्ताद, नमस्कार.

पुढच्या चैत्रात नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं वाचताना तुमच्या डोक्यात महिन्यांचा हिशेब चालू राहणार नाही. आता आषाढ आहे. तयारी करून श्रावणाअखेर ऑपरेशन झालं, तरी चैत्राला जेमतेम आठ महिने भरतात, आणि तेवढे पुरत नाहीत. हा हंगाम गेला असं धरा. त्याच्या पुढच्या हंगामाबद्दल बोलूया.

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये तिरकी बांधलेली दोरी. करंगळीएवढी, तिच्याहून बारीकच. सरळ चालताना तिला फारसं काम नसतं. पाय रोवून अंग फिरवलं की नडगी पुढं सरकू नये, पिळू नये म्हणून तीच धरून ठेवते. पट काढा, ढाक लावा, एकलंगी भरा, डाव कुठलाही असो, सगळा भार हिच्यावर. ‘कट्ट’ आवाज आणि काही तासांत आलेली सूज ही दोन लक्षणं एकत्र दिसली, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत दोरी तुटली असंच धरायचं, कारण ती सूज म्हणजे आत झालेला रक्तस्राव असतो. ही दोरी सांध्यातल्या पाण्यात असते, तिथं रक्ताची गुठळी टिकत नाही. म्हणून पूर्ण तुटलेली टोकं आपोआप जुळून पहिल्यासारखी घट्ट होतील, यावर पैलवानानं भरवसा ठेवता येत नाही. आणि तेल तर तिथवर पोचतच नाही.

सूज उतरली म्हणजे गुडघा बरा झाला, असं आपल्या तालमीत धरतात. वस्ताद, सूज सगळ्यांचीच उतरते.

माझ्या वडलांचीही उतरली होती. शहापुरात आमच्या घराला दोन पायऱ्या आणि एक दगडी उंबरा. मी शाळेत जाईपर्यंत वडील तो उंबरा दोन्ही हातांनी धरून, उजवा पाय बाजूला लांब करून उठायचे. मला वाटायचं सगळेच बाप असे उठतात. तरुणपणी आखाड्यात गुडघा गेला होता, एका मालीशवाल्यानं महिनाभर चोळून दिला, वडील पुन्हा उतरले, गुडघा पुन्हा सटकला, असं चार-पाच वर्षं चाललं. दोरी तर पहिल्याच दिवशी तुटली होती. पुढच्या प्रत्येक सटकण्यात गादी थोडी थोडी कुरतडली गेली, मग हाडावरची गुळगुळीत कूर्चा. चाळिशीत ते भारतीय बैठकीवर बसू शकत नव्हते. मी फिजिओथेरपीकडे का वळले असं लोक विचारतात, तेव्हा मी काहीतरी दुसरंच उत्तर देते.

तर ऑपरेशन केलंच पाहिजे काय? सगळ्यांना लागत नाही. भाताच्या शिवारात काम करणारा, सरळ चालणारा माणूस नुसत्या व्यायामानं मांडी तयार करून तुटलेल्या एसीएलसह नीट राहू शकतो, असे कितीतरी आहेत. तुमच्या पठ्ठ्याच्या बाबतीत मात्र तीन गोष्टी एकत्र आल्यात: वय 19, खेळ पाय पिळण्याचा, आणि गुडघा सटकतोय तोही गादी फाटलेली असताना. कुस्ती खेळायची असेल तर ऑपरेशन हा बरोबर सल्ला आहे. कुस्ती सोडायची असेल तर थांबून, व्यायाम करून बघता येतं. हा निर्णय त्याचा आहे. पंचांचा नाही आणि, राग मानू नका, तुमचाही नाही.

घाई करू नका. गुडघा पूर्ण सरळ होत नसताना, मांडी वाळलेली असताना टेबलावर घेतलं तर नंतर गुडघा आखडून बसतो. आधी चार-सहा आठवडे सूज घालवायची, टाच जमिनीला लावून गुडघा पूर्ण सरळ करायचा, मांडीत जोर आणायचा. याला एकच अपवाद. गुडघा अर्ध्यावरच अडकला, ना सरळ होतोय ना वाकतोय असं झालं, तर फाटलेली गादी मध्ये अडकलेली असते. त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा.

ऑपरेशनमध्ये तुटलेली दोरी शिवत नाहीत, सहसा त्याच्याच अंगातली कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी पट्टी, काढून नवी दोरी बसवतात, मांडीच्या मागची किंवा वाटीच्या खालची. दोन दिवसांत मुलगा घरी येतो. खरं काम तिथून सुरू होतं, आणि ते मला एकटीला जमणारं नाही. तुमच्या गावातून बेळगावला यायचं म्हणजे पावसाळ्यात अर्धा दिवस मोडतो. तो माझ्याकडे किंवा आणखी कुणाकडे आठवड्यातून एकदा येईल. उरलेले सहा दिवस तुमचे. म्हणून पुढचं सगळं तुम्हाला सांगतेय, त्याला नव्हे.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री आई प्रेमानं गुडघ्याखाली उशी ठेवेल. ती काढायला लावा. उशी टाचेखाली. गुडघ्याखाली उशी ठेवून आठवडाभर झोपला की गुडघा थोडा वाकलेलाच राहतो, आणि ते पाच-सात अंश पुढं महिनोन्महिने घाम काढतात. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा हवेत लोंबता, दर दोन तासांनी दहा मिनिटं. मांडी आवळून वाटी वर ओढायची, पाच मोजायचे, सोडायचं. पहिले काही दिवस मांडी ऐकतच नाही. पोरगं रडकुंडीला येतं. मांडीला पुन्हा शिकवावं लागतं, एवढंच त्याला सांगा. पोटरी एकदम सुजली, दुखू लागली किंवा अंगात ताप आला तर मात्र व्यायाम बाजूला, थेट दवाखाना.

जखम पूर्ण भरेपर्यंत त्याला आखाड्याच्या मातीच्या हौद्यात उतरू देऊ नका. तुमच्या मातीत ताक आहे, हळद आहे, लिंबू आहे, सगळं मान्य. तरी ती तीस जणांच्या घामाची माती आहे.

मग येतो दुसरा-तिसरा महिना. सगळ्यात मोठा घोटाळा इथंच होतो. दुखणं गेलेलं असतं, चाल सरळ झालेली असते, बुलेटवर मागे बसून पोरगं गावभर फिरत असतं. तालमीतले म्हणतात, ‘झालास की बरा, ये एक हात करूया.’ आणि नेमकी याच दिवसांत आतली नवी दोरी सगळ्यात कच्ची असते. बसवलेल्या कंडरेत शरीर आधी मोडतोड करतं, नव्या रक्तवाहिन्या नेतं, मग तिला हळूहळू घट्ट करतं. बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे त्याच्या अंगाला बरं वाटतंय म्हणजे काही कळत नाही. महिना बघायचा.

ढोबळ वेळापत्रक असं. तीन-चार महिन्यांनी, मांडीत जोर पुरेसा आला असेल तरच, सरळ धावणं. सहाव्याच्या आसपास जोडीदाराशिवाय डावांच्या हालचाली, पाय टाकणं, फिरणं. पुढं जोडीदार घेऊन, पण त्यानं विरोध करायचा नाही. नऊ महिन्यांच्या आत खरी लढत नाही. नॉर्वेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला, त्यात खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जेवढं लांबवलं, तेवढं दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटलेलं दिसलं. आणि नऊ महिने झाले म्हणून झालं असंही नाही. दुखऱ्या मांडीचा जोर चांगल्या मांडीच्या निदान 90 टक्के पाहिजे, एका पायावर उडी मारून अंतर मोजलं तर तेही तेवढंच. ही उडी तुम्ही तालमीत खडूची रेघ मारून मोजू शकता. तीन वेळा डावा, तीन वेळा उजवा, वहीत लिहून ठेवा. उडी मारून उतरताना गुडघा आत अंगठ्याकडे झुकतोय काय तेही बघा. तुमचे डोळे त्या बाबतीत माझ्यापेक्षा तयार असतील, समोरच्याचा तोल कुठं गेला हे बघण्यात तुमची बावीस वर्षं गेलीत.

पंचांपैकी कुणीतरी विनेश फोगाटचं नाव काढणार. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईत तिच्या एसीएलचं ऑपरेशन झालं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये जयपूरला राष्ट्रीय स्पर्धेत तिनं सुवर्ण घेतलं, ऑगस्टमध्ये पॅरिसला अंतिम फेरीही गाठली. सगळं खरं. तिच्या मागे रोज हात ठेवणारा फिजिओ होता, ऑलिम्पिकचं वर्ष होतं, आणि आपण किती मोठा जुगार खेळतोय हे ऐन तिशीच्या उंबरठ्यावर तिला पक्कं ठाऊक होतं. 19 वर्षांच्या पोराला यात्रेतल्या मैदानासाठी हा जुगार खेळायला लावायचं कारण मला तरी दिसत नाही.

आता ‘पोरगं तालमीकडे फिरकत नाही’ याकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे वाक्य. पहाटे पाचला उठणारा मुलगा आता आठला उठतो, दिवसभर मोबाइल, चौकात कट्टा. वर खुराक तोच, कारण आई थांबत नाही. तीन महिन्यांत 74 चा 84 होतो, आणि मग दहा किलो जास्तीचं ओझं त्याच कच्च्या दोरीवर. त्याला पाचलाच बोलवा. ऑपरेशनच्या आधीही, नंतर कुबड्या घेऊन चालता येऊ लागलं की परतही. काम द्या. वहीत हजेरी, लहान पोरांच्या सपाट्या मोजणं, मोबाइलवर कुस्त्या टिपून संध्याकाळी चुका दाखवणं. उपकार केल्यासारखं नको. पोरांना ते लगेच कळतं.

आणि मेहनत थांबत नाही. शहरात जिमला महिन्याला पैसे भरून जे मिळतं ते तुमच्या तालमीत भिंतीला टेकून उभं आहे. स्टुलावर बसून ‘करेल’ हे लाकडी साधन फिरवणं, हलकं मुदगल, टाके निघाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर जोर. दोर चढणं नंतर, उतरताना उडी मारायची नाही या अटीवर. हौदा उकरायला फावडं मात्र त्याच्या हाती देऊ नका, पाय रोवून कमरेत पिळण्याचं काम आहे ते. आणि बैठका. वस्ताद, बैठकांवर तुमचा जीव आहे हे माहीत आहे. पूर्ण खाली जाणाऱ्या शेकडो बैठका सुरुवातीच्या महिन्यांत नकोत. ऑपरेशनमध्ये गादी शिवली असेल तर तिला त्या आवडत नाहीत. खुर्चीवरून उठ-बस, मग अर्धी, मग एका पायावर, असं चढत जायचं. किती वाकवायचं हे गादीचं काय केलंय त्यावर ठरतं, म्हणून ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

खुराकाचं थोडक्यात. तूप, बदामाची थंडाई, गोकाकचं करदंट हे अर्ध्यावर आणा. प्रथिनं कमी करू नका, मांडी पुन्हा भरायची आहे. त्याच्या वजनाला दिवसाला साधारण 120 ग्रॅम धरा. एका अंड्यात सहा ग्रॅम, लिटरभर दुधात तीस-पस्तीस, शंभर ग्रॅम कोरड्या मसुरात चोवीसच्या आसपास. आपल्या शिवारातला मसूर असताना डब्यातल्या पावडरीला हजारो रुपये घालणं मला पटत नाही. त्या पावडरींत काय मिसळलेलं असतं ही आणखी एक भीती.

त्यावरून आठवलं. मैदानाच्या आदल्या दिवशी गुडघ्यात इंजेक्शन मारून उतरवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तो स्टेरॉइडचा डोस असेल तर दुखणं दबतं आणि पोरगं फाटलेल्या गुडघ्यावर बेधडक लढतं. शिवाय 1 जानेवारी 2022 पासून कुठल्याही मार्गानं टोचलेलं असं स्टेरॉइड स्पर्धेच्या काळात उत्तेजक म्हणून बंद आहे, आणि ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी 2024 पासून. राज्य-राष्ट्रीय स्पर्धेला उतरणार असेल तर प्रत्येक चिठ्ठी आधी नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) औषध-तपासणीत बघून घ्या, ऑपरेशनच्या वेळची सुद्धा.

आता पैसे. बाप फौंड्रीत आहे हे तुम्ही ओघात लिहिलंत, मला त्यात सगळ्यात मोठी आशा दिसतेय. त्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात काय, विचारा. महिना 21,000 रुपयांपर्यंतच्या पगाराला ते लागू असतं आणि घरच्यांनाही उपचार मिळतात. मुलगा शिकत असेल आणि बापावर अवलंबून असेल तर 21 वर्षांपर्यंत त्यालाही. म्हणजे कॉलेजचं बोनाफाइड आणि ईएसआय कार्ड घेऊन आधी तिथं जायचं. बऱ्याच कामगारांना पोराचं नाव कार्डावर चढवायचं असतं हेच माहीत नसतं.

ते नसेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक. बीपीएल रेशन कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, एपीएल असेल तर पॅकेजच्या 30 टक्के. एक चूक लोक नेहमी करतात: आधी खाजगीत दाखल होतात आणि मग कार्ड काढून दाखवतात. हे ऑपरेशन तातडीचं नाही, त्यामुळे सुरुवात सरकारी दवाखान्यातूनच करावी लागते, म्हणजे आपल्याकडे सिव्हिल, बिम्स. तिथं होण्यासारखं नसेल तर तिथूनच पुढं पाठवल्याची चिठ्ठी मिळते. ‘आरोग्य मित्र’ नावाचा माणूस काउंटरवर असतो. त्याला विचारायचं: दुर्बिणीतून एसीएल बसवण्याचा कोड पॅकेजमध्ये आहे काय, आणि नवी दोरी अडकवायच्या स्क्रू-बटणाचे पैसे त्यात धरलेत काय. दुसरा प्रश्न विसरू नका, बिल तिथंच फुगतं.

महाराष्ट्राचं काय, असं तुम्ही विचारणारच. सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करत असल्याचं महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये जाहीर केलं, त्यावरून दोन्ही सरकारांत जुंपली, इथल्या अर्ज केंद्रांवरही गदा आली. आपल्या भागाचं हे नेहमीचंच. गाव यादीत असेल तर कोल्हापूरच्या एखाद्या अंगीकृत रुग्णालयात कागद घेऊन विचारायला हरकत नाही. भाषेचा अभिमान वेगळा, गुडघ्यासाठी मात्र जे दार आधी उघडेल त्यातून आत जा. मी स्वतः बिम्सच्या खिडकीवर कन्नडमधून बोलते, काम लवकर होतं.

व्यायामासाठी नेहरूनगरात केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, सिव्हिलमध्येही सोय आहे. माझ्याकडेच यायला पाहिजे असं काही नाही.

म्हणजे मॅटचे पैसे गुडघ्याला घालायची पाळी बहुधा येणार नाही. मॅटला घाला. तुमच्या पोरांना तिची गरज आहे, आणि कारण पदकाइतकंच गुडघ्याचंही आहे. माती सहसा पाय थोडा सरकू देते. मॅटवर बूट घट्ट धरतो, पाय जागच्या जागी राहतो आणि पीळ सगळा गुडघ्यात जातो. वर्षभर मातीत घुमलेलं पोरगं निवड चाचणीला पहिल्यांदा मॅटवर उतरलं, की असे गुडघे माझ्याकडे येतात. म्हणून मॅटची सवय आधीपासून पाहिजे. तुमच्या पंचक्रोशीतल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्य आणलं. तोही मॅटवरचा खेळ.

पण तीन लाखांत स्पर्धेची 12 मीटर बाय 12 मीटरची मॅट आणायच्या भरीला पडू नका. आधी वर बघा. पत्रा गळतोय काय? राकसकोपकडचा पाऊस मला ठाऊक आहे, तीन महिने भिंती सुद्धा घाम गाळतात. ओल्या फरशीवर मॅट टाकली तर दुसऱ्या पावसाळ्यात खालून बुरशी आणि सगळ्या पोरांच्या मानेवर गजकर्ण. जोतं उचला, पत्रा नीट करा, मग अर्ध्या मापाची सरावाची मॅट. दोन तुकड्यांच्या मध्ये फट राहू देऊ नका, अंगठा त्यात अडकतो. खांबांना आणि भिंतीला माणसाच्या उंचीपर्यंत गादी बांधा. रोज जंतुनाशकानं पुसणं हे पोरांना पाळीनं लावून द्या.

आणि तीन लाखांतले पंचवीस-तीस हजार आधीच बाजूला काढा, पंचांनी मोजायच्या आत. त्यात एक कोपरा होतो. एक पक्कं बाकडं, रबरी पट्टे, दोन-चार जोड्या डंबेल, चिकट पट्ट्या, फळीचं स्ट्रेचर, बर्फ ठेवायला थर्माकोलचा डबा. उरलेले जखमी पोराच्या बसभाड्याला आणि अंड्यांना. पुढच्या यात्रेपासून इनामाच्या शंभर रुपयांतले पाच या डब्यात टाकायचे, असा ठराव करून घ्या. हलगीवाल्याला, फेट्यांना पैसे निघतात, ते निघतातच.

या कोपऱ्यात एक नियम भिंतीवर रंगवा. दुखापत झाली की पहिले तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ, पट्टी, पाय उशीवर उंच. (इथं उशी चालते, पूर्ण पायाखाली.) खांदा निखळला तर ओढून बसवायचा नाही, शेजारून नस आणि रक्तवाहिनी जाते. मानेवर आपटलेल्या पोराला उठवून बसवायचं नाही, जागेवर धरून 108 लावायचा. चक्कर आली, क्षणभर शुद्ध गेली, तर त्या दिवशी पुन्हा कुस्ती नाही, मग समोर कितीही मोठी जोड असो.

बाकीच्या एकोणतीस पोरांसाठी एकच व्यायाम सांगते, त्याला साहित्य लागत नाही. पोरगं गुडघ्यांवर उभं, जोडीदारानं मागून घोटे दाबून धरायचे, आणि त्यानं कंबर न वाकवता शक्य तितकं सावकाश पुढं झुकत जायचं, शेवटी हातांवर पडायचं. मांडीची मागची बाजू तयार होते, जी नडगीला मागं धरते. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वेळा. पहिल्या दिवशी जास्त करायला लावाल तर दुसऱ्या दिवशी तालीम रिकामी दिसेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. दोरी तुमच्या चोळण्यानं तुटली नाही. ती चैत्रात, तुम्ही आवाज ऐकलात त्या क्षणी तुटली होती. पण आवाज झाल्यावर कुस्ती थांबवायला हवी होती, ते तुम्हीही करू शकला असता आणि पंचही. आणि तीन आठवड्यांनी सटकणारा गुडघा घेऊन त्याला पुन्हा मेहनतीला घेतलंत, गादीची चीर त्यात वाढली असण्याची शक्यता आहे. मी नाही म्हणू शकत नाही. म्हणजे होय, थोडी तुमची. पोराला आणि त्याच्या बापाला हे एकदा तोंडानं सांगा. घरी जाऊन सांगा, तालमीत बोलावून नको. तो तालमीकडे का फिरकत नाही, हे मला पत्रातून कळत नाही, पण आपल्यामुळं वस्तादाचं नाव गेलं असं त्याला वाटत असेल अशी मला शंका आहे. पठ्ठे असाच विचार करतात. वडीलही करायचे.

गुरुवारी दुपारनंतर मी मोकळी असते. येताना एमआरआयची फिल्म आणा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. आणि त्याला सांगा, जीन्स नको, बर्मुडा घालून ये. दोन्ही मांड्या शेजारी-शेजारी मोजायच्या आहेत.